'बटुग्रह' हा ग्रह का नाही?

प्रश्न असा आलाय की बटुग्रह म्हणजे छोटा ग्रहच ना, मग प्लुटोला बटुग्रह म्हणायचं आणि वर 'तो ग्रह नाही' असंही सांगायचं हे कसं? शिवाय बटू काय नि लघू काय, दोन्ही लहानच, तर लघुग्रह आणि बटुग्रह वेगळे कशाला?

शंका रास्त आहे, घोळ शब्दानेच घातलाय. उपनदी ही नदीच असते, म्हणून शेवटी 'ग्रह' दिसला की आपण तो ग्रहाचाच प्रकार धरून चालतो. पण उपग्रह कुठे ग्रह असतो? तिथे कुणी तक्रार करत नाही, सवय झालीये एवढंच.

बटू हा शब्द मला आवडतो, वामनाची आठवण करून देणारा, खुज्या मूर्तीचा पण पूर्ण घडलेला. आणि खगोलात अर्थही तसाच बसतो, बटुग्रह म्हणजे स्वतःच्या गुरुत्वाने जवळजवळ गोल झालेला, सूर्याभोवती फिरणारा, पण आपल्या कक्षेच्या आसपासचा परिसर साफ करू न शकलेला (म्हणजे तिथले इतर दगडगोटे ओढून घेऊ वा हुसकावून लावू न शकलेला). हे शेवटचं जमलं की ग्रह, नाही जमलं की बटुग्रह. २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने मतदान घेऊन हे ठरवलं. गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्द 'ड्वार्फ प्लॅनेट' १९९१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन स्टर्न यांनी वापरला तेव्हा त्यांच्या डोक्यात ग्रहांचा पोटप्रकारच होता, बटू तारा जसा ताराच असतो तसा (आपला सूर्यसुद्धा त्याच जातीतला). संघटनेने शब्द तोच घेतला आणि अर्थ उलटा लावला. म्हणजे घोळ आपल्या भाषांतराचा नाही, तिकडूनच आलाय.

लघुग्रहाला गोल असायची अट नाही, बटाट्यासारखा वेडावाकडा दगडही चालतो. सेरेस बघा, १८०१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पियात्सी यांना सापडला तेव्हा ग्रह म्हणून मिरवला, मग तसेच आणखी सापडत गेले तेव्हा लघुग्रह झाला आणि २००६ नंतर बटुग्रह, आणि राहतो अजूनही लघुग्रहांच्याच पट्ट्यात. जेमतेम ९४० किलोमीटर व्यासाचा बिचारा, जागचा हलला नाही आणि दोनदा नाव बदललं!

उपग्रहाचा तर आकाराशी संबंधच नाही, कुणाभोवती फिरतो तेवढंच बघायचं. गुरूचा गॅनिमीड ५२६८ किलोमीटरचा, बुध ४८७९ चा, तरी बुध ग्रह आणि गॅनिमीड उपग्रह. लिहिताना मी 'शनीचे चंद्र' असंच लिहितो, कारण हल्ली नुसतं उपग्रह म्हटलं की लोकांना आधी आपण सोडलेले कृत्रिम उपग्रह आठवतात. चूक दोन्हीत नाही.

मूळ 'ग्रह' मात्र या सगळ्या व्याख्यांच्या बाहेरचा आहे, संस्कृत धातूचा अर्थ धरणं, पकडणं, ग्रहण त्यातलंच. म्हणून तर नवग्रहांत सूर्य-चंद्रही आहेत, राहू-केतूही आहेत आणि पृथ्वी नाही. मनाने धरून ठेवलेल्या समजालाही आपण ग्रहच म्हणतो, 'माझ्याबद्दल भलता ग्रह करून घेऊ नका' वगैरे. त्या हिशोबाने प्लुटोला पूर्वग्रह म्हणायला माझी काही हरकत नाही.