‘फ्लाउट’ कुठे वापरायचं?

वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘फ्लाउट’ (flout) हा इंग्रजी शब्द वाचून तो कुठे वापरायचा, असं तुम्ही विचारलंत. मथळ्यावरून शब्द उचललात, हे उत्तम केलंत. शिकायची हीच खरी रीत.

फ्लाउट म्हणजे नियम माहीत असताना उघडपणे, बेफिकिरीने धाब्यावर बसवणं. बेफिकिरी नसेल तर हा शब्द नको. नवख्या शहरात ‘नो एंट्री’ची पाटी न दिसल्यामुळे कोणी आत शिरला, तर त्याने नियम ‘व्हायोलेट’ केला किंवा साधं ‘ब्रेक’ केला. हवालदारादेखत, हसत हसत रोज तिथूनच गाडी घालणारा मात्र नियम फ्लाउट करतो. दंड कदाचित दोघांनाही सारखाच होईल, क्रियापद मात्र बदलतं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- फ्लाउटच्या जागी ‘फ्लॉन्ट’. फ्लॉन्ट म्हणजे मिरवणं. दागिने फ्लॉन्ट करतात, कायदा नाही. ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही सर्रास करतात, तेव्हा घाबरू नका.
- मराठीतल्या ‘विरुद्ध’मुळे मध्ये ‘अगेन्स्ट’ घुसवणं. ‘ही फ्लाउटेड द रूल’ एवढंच पुरे.
- ‘उल्लंघन केलं’ मनात धरून ‘डिड व्हायोलेशन’ लिहिणं. सरळ ‘व्हायोलेटेड’ लिहा.

फ्लाउटपुढे सहसा रूल, लॉ, ऑर्डर असे शब्द येतात. आज माणसाचं नाव तिथे खटकतं.

‘ब्रीच’, ‘इन्फ्रिंज’, ‘कॉन्ट्राव्हीन’ या नियम मोडण्याच्याच इतर शब्दांना इतक्यात हातच लावू नका. आधी ब्रेक, व्हायोलेट आणि फ्लाउट यांची स्वतःच्या गल्लीतल्या प्रसंगांवर दोन-दोन वाक्यं लिहा आणि इथे टाका, मी नक्की तपासून देईन.