'डूलाली', देवळाली आणि दोन वेगळे 'टॅप'

प्रश्न असा आहे: नागपूरच्या एका वाचकाला सुट्टीत पुण्या-मुंबईतल्या क्राफ्ट बिअरच्या जागा हिंडायच्या आहेत. यादी करताना 'डूलाली टॅपरूम' हे नाव दिसलं. ते नाशिकजवळच्या देवळालीवरून आलं हे खरं का, त्यातला 'टॅप' कुठला, आणि प्रवासाबद्दल मराठीत लिहिताना ब्रूअरीला, म्हणजे बिअर बनते त्या जागेला, 'आसवनी' म्हटलं तर चालेल का?

हो, डूलाली म्हणजे देवळालीच. राहुरीकडची देवळाली प्रवरा नव्हे. मुंबईहून जाताना नाशिक रोडच्या आधी लागते ती, छावणीची देवळाली. इंग्रजांच्या काळात इथे फौजेचा मोठा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथे थांबत. फौजेची जहाजं साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. त्यामुळे ज्याची मुदत मार्च उलटल्यावर संपली, त्याला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीतच काढावा लागे. हाताला काम नाही, घरची ओढ, त्यात हिवताप. माणसं व्यसनात बुडत, काही भ्रमिष्ट होत. अशा माणसाला 'डूलाली टॅप' झालाय म्हणायची रीत सोल्जरांच्या बोलीत पडली. 1925 मध्ये छापलेल्या सैनिकी शब्दांच्या एका इंग्रजी कोशात हा प्रयोग नोंदलेला आहे. पुढे 'टॅप' गळला आणि नुसतं 'डूलाली' उरलं. ब्रिटनमध्ये आजही डोकं फिरलेल्या माणसाला सहज 'डूलाली' म्हणतात. इंग्रजीत गेलेल्या आपल्या शब्दांत मला हा सगळ्यात हळवा वाटतो, कारण त्यात घरी जायला तळमळणारी माणसं आहेत.

आता 'टॅप'. सोल्जरांच्या बोलीतला हा टॅप म्हणजे चक्क आपला ताप. हिंदुस्तानीतून त्यांनी तो उचलला. फारसीतला 'तब' आणि संस्कृतातला 'ताप' हे एकाच मुळाचे, आणि कोमटसाठी इंग्रजीत जो 'टेपिड' आहे तोही त्याच घरचा. 'डूलाली टॅप' म्हणजे शब्दशः देवळालीचा ताप!

टॅपरूममधला टॅप मात्र निराळा. तो जुन्या इंग्रजीतला, पिपाच्या भोकाला लावायच्या खुंटीचा शब्द. खुंटीची तोटी झाली, आणि तोटीतून बिअर ओतून देतात ती खोली टॅपरूम. पाटीवर दोन्ही शब्द शेजारी आले की सोल्जरांचा वाक्प्रचार पुरा झाल्यासारखा वाटतो, पण ती ध्वनीची गाठ आहे, व्युत्पत्तीची नव्हे. बिअर जिथे बनते तिथेच प्यायला मिळते तो ब्रूपब. टॅपरूममध्ये ती बनत असेलच असं नाही. 'डूलाली'ची सुरुवात 2009 मध्ये पुण्यात झाली आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींत, म्हणजे लहान प्रमाणावर बिअर बनवणाऱ्या ब्रूअरींत, ती मोजली जाते. नाशिक जिल्ह्यातलं नाव इंग्लंडची वारी करून पुण्याच्या पाटीवर आलं, याचं मला फार अप्रूप आहे.

'आसवनी' मात्र लिहू नका. साखर कारखान्यांमुळे तो शब्द डिस्टिलरीसाठी पक्का झाला आहे. तिथे मळी आंबवून मग ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे वाफ धरून थंड करतात. बिअरमध्ये वाफ धरणं नाही. सातूला मोड आणून वाळवायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे, तो गोड रस हॉप्स (कडवट चव देणारी एका वेलीची फुलं) घालून उकळायचा, निववायचा आणि यीस्टने आंबवायचा.

गंमत अशी की मुळात 'आसव' हा आंबवण्याचाच शब्द. द्राक्षासव, कुमारी आसव आठवा. आयुर्वेदात न उकळता आंबवलं तर आसव, आधी काढा करून मग आंबवलं तर अरिष्ट, जसं दशमूलारिष्ट. या हिशेबाने उकळून केलेली बिअर अरिष्टाच्या जातीची ठरते! पण मराठीत अरिष्ट म्हटलं की संकटच डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे तो शब्द कुणी घेणार नाही. बिअरसाठीचा 'यवसुरा' (सातूची दारू) हा शब्द कोशात शोभतो, काउंटरवर नाही. ब्रूअरी आणि ब्रूपब हेच लिहावं. बस, फाइल, हॉटेल लिहितो तसंच.

पुण्यात आहातच तर मीडही चाखा. मधात पाणी घालून, ते आंबवून करतात, आणि 2018 च्या सुमारास सुरू झालेली 'मूनशाइन मीडरी' पुण्याचीच आहे. 'मीड' हा शब्द आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ आहे. संस्कृतात मधु म्हणजे मधही आणि त्यापासून केलेलं मादक पेयही. तिथे मात्र मराठी शब्द हवाच असेल, तर 'मधासव' बिनधास्त लिहा.