वडाचं मनोगत आणि वडाची फुलं

«ताई, मी नववीत आहे. ‘वडाच्या झाडाचे मनोगत’ या माझ्या निबंधाला आंतरशालेय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. यंदा आमच्या शाळेत निसर्ग, संवर्धन आणि सर्जनशील लेखन असा एकत्र तास सुरू झालाय. त्यात सरांनी मला तोच निबंध वाचायला सांगितला. ‘माझ्या फुलांचा सुगंध वाऱ्यावर दरवळतो’ या वाक्यावर थांबवून त्यांनी विचारलं, ‘वडाची फुलं तू कुठे पाहिलीस?’ मला काहीच सांगता आलं नाही. सगळा वर्ग हसला. शाळेच्या आवारात वड आहे, मी रोज त्याच्या शेजारून जाते. आता लिहायला बसलं की वाटतं, आपण खोटं लिहितो. तोच निबंध शाळेच्या वार्षिक अंकात छापणार आहेत. आई म्हणते, बक्षीस मिळालं ना, मग विसर, आणि पुढच्या वर्षी दहावी आहे. मी लिहिणं सोडून देऊ का? निबंध सोबत जोडला आहे.»

प्रिय लेखिके,

नको सोडूस. एक वाक्य चुकलं म्हणून तुझी झोप उडाली आहे, आणि ज्याला लिहायचं आहे त्याच्याकडे हे असावंच लागतं. बक्षीस मिळाल्यावर आपल्याच निबंधाकडे पुन्हा संशयाने बघणारी मुलं फार थोडी असतात.

आधी सरांबद्दल. त्यांचा प्रश्न बरोबर होता, पण भर वर्गात विचारायला नको होता. वर्ग हसला ते तुला लागलं, हे त्यांना एकदा एकटीने भेटून सांग. रागाने नाही, जसं मला लिहिलंस तसंच. ज्या माणसाने तुझा निबंध इतक्या लक्षपूर्वक ऐकला की एका वाक्यावर त्याचा कान अडला, तो तुझ्या उपयोगाचा माणूस आहे. त्याला टाळू नकोस.

आता निबंधाबद्दल. मी तो दोनदा वाचला. भाषा तुझ्या हातात आहे, वाक्यं खळखळत जातात. पण वाटसरूंना सावली, पाखरांना आसरा, कुऱ्हाड घेऊन येणारा निर्दय माणूस आणि शेवटी ‘झाडे लावा, झाडे जगवा’, हे सगळं तू वडाकडून नाही, आधीच्या निबंधांकडून घेतलं आहेस. ‘वड’ खोडून तिथे ‘चिंच’ लिही, पारंब्यांचं एक वाक्य सोडलं तर काहीही बदलावं लागत नाही. खोटेपणा आहे तो इथे. झाड ‘मी’ म्हणून बोलतं यात काहीच खोटं नाही. बोलू दे की त्याला! फक्त जे बोलेल ते वडाचं असू दे.

आणि वडाकडे सांगण्यासारखं किती आहे बघ. वडाला फुलं असतात, पण ती बाहेरून दिसतच नाहीत. आपण ज्याला वडाचं फळ म्हणतो, त्या गोल पोकळीच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने असतात. टोकाला एक अरुंद भोक आणि त्यावर खवल्यांची झडप. आत शिरायचा रस्ता तेवढाच. जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, आपल्याला न चावणारी एक गांधीलमाशी त्या झडपेतून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की घुसताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. परत येण्याची सोय उरत नाही. ती अंगावरचे परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे तिच्या पिल्लांपैकी बिनपंखी नर आधी त्या फुलांतून बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात. त्यांचं आयुष्य तेवढंच. त्या बोगद्यातून परागकण घेतलेल्या माद्या उडतात, आणि त्यांच्यापाशीही एखाद-दुसरा दिवसच असतो.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एका वडावरची फळं बहुतेक वेळा एकाच सुमारास तयार होतात, त्यामुळे उडालेल्या माशीला त्याच झाडावर नवी जागा मिळत नाही. तिला दुसरा वड लागतो, तोही नेमका त्याच दिवसांत कोवळी फळं धरलेला. या माश्या वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जाऊ शकतात, पण पोचतील तिथे वड तर हवा. म्हणजे एकच झाड कुंपण घालून, पाटी लावून जपलं तरी भागत नाही. आजूबाजूला, वेगवेगळ्या वेळी फळणारे वड उभे राहावे लागतात. ते राहिले की वर्षभर कुठला ना कुठला वड फळलेला असतो, आणि इतर झाडं रिकामी असतात त्या दिवसांतही तांबट, हरियाल, कोकीळ, वटवाघूळ यांना खायला मिळतं. त्यांच्या विष्ठेतून बी पसरतं. भिंतीच्या फटीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवलेला वड तसाच आलेला असतो.

तुझ्या निबंधातल्या ‘पर्यावरणाचा समतोल राखला पाहिजे’ या ओळीला म्हणायचं होतं ते हेच. पण ती ओळ वाचून कुणाला काही दिसत नाही. पंख तुटलेली माशी दिसते. संवर्धनाबद्दल लिहायचं म्हणजे शेवटी उपदेश जोडायचा, अशी सवय शाळेत लागते. ती मोडून टाक. कशावर काय अवलंबून आहे ते नीट दाखवलंस, तर ‘वाचवा’ असं ओरडावं लागत नाही.

कल्पना आणि खरेपणा यांचं भांडण आहे असं तुला वाटतंय. रॅचेल कार्सनचं उदाहरण सांगते. 1907 साली जन्मलेली ही अमेरिकन मुलगी लहानपणापासून गोष्टी लिहायची. कॉलेजात तिने इंग्रजी साहित्य घेतलं, आणि मग जीवशास्त्राच्या इतकी प्रेमात पडली की विषयच बदलला. पुढे सरकारी मत्स्यखात्यात तिला काम मिळालं ते माशांवर रेडिओसाठी संहिता लिहिण्याचं. जीवशास्त्र तिच्या लेखनाच्या आड आलं नाही, त्याने तिला लिहायला विषय दिला. कीटकनाशकांवरचं तिचं गाजलेलं पुस्तक 1962 मध्ये आलं. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकाच्या बहुतेक वापरावर 1972 साली बंदी आली, त्यामागे त्या पुस्तकाने उठवलेली चर्चा होती. आता गंमत बघ. इतकं काटेकोर पुस्तक सुरू होतं एका काल्पनिक गावाच्या गोष्टीने, जिथे वसंत येतो पण पाखरं गात नाहीत. असं गाव अस्तित्वात नाही, हे ती तिथेच सांगते, आणि यातलं प्रत्येक संकट कुठे ना कुठे घडलेलं आहे, हेही सांगते. पुस्तकाच्या शेवटी पानंच्या पानं आधारांची यादी आहे. गोष्ट रचलेली, तिच्यातला प्रत्येक तपशील तपासलेला. तुझ्या बोलणाऱ्या वडालाही हीच परवानगी आहे.

तर आता काय करायचं? शाळेतल्या त्या वडाची एक वही कर. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो एकाच वेळी, त्याच्यापाशी जाऊन बस. तारीख, वेळ, हवा लिही. मग फक्त दिसेल ते. ‘सुंदर’, ‘मनमोहक’ वगैरे शब्द तिथे आणू नकोस, ते घरी येऊन हवे तर वापर. फळं हिरवी की लाल, जोडीने आहेत का, पारंब्यांची टोकं कोणत्या रंगाची, कोणता पक्षी आला आणि त्याने फळ गिळलं की टोचलं. जे कळलं नाही तिथे सरळ ‘माहीत नाही’ लिही. पडलेलं एखादं फळ ब्लेडने उभं काप (हात सांभाळून) आणि भिंगातून बघ. सरांना पुढच्या वेळी दाखवायला तुझ्याकडे वडाची फुलं असतील.

चित्र काढता येत नसलं तरी काढ. पानाची शीर काढायला गेलं की ती कुठून फुटते हे पाहावंच लागतं, लिहिताना आपण तेवढं चुकवून जातो. आणि विचारत राहा. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, मराठीतले मोठे लेखक होते, तरी जंगलात राहणाऱ्या माणसांना विचारून विचारून त्यांनी पाखरांची नि झाडांची नावं गोळा केली. शाळेची बाग कुणी सांभाळत असेल, तर त्या काकांना किंवा मावशींना वडाबद्दल पुष्कळ माहीत असेल.

अशा नोंदी लेखकाच्या वहीतच संपतात असं नाही. हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने 1850 च्या दशकात आपल्या गावच्या रानफुलांच्या फुलण्याच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या. सुमारे दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच गावात तीच फुलं पुन्हा पाहिली, तेव्हा कितीतरी जाती आता लवकर फुलतात हे त्या जुन्या तारखांमुळे कळलं. तापमानवाढीचा तो पुरावा ठरला. तारीख लिहायचा कंटाळा करू नकोस, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता तुझी खरी अडचण, वार्षिक अंक. बक्षीस परत करायला जाऊ नकोस, त्याने कुणाचंच भलं होणार नाही. अंकाचं काम बघणाऱ्या बाईंना किंवा सरांना भेट आणि म्हण, ‘या निबंधात एक चूक आहे, मला दुरुस्त करून द्यायचा आहे.’ मुदत विचारून घे. आठवडाच मिळाला, तर ते एक वाक्य काढून तिथे फळाच्या आतल्या फुलांबद्दल चार ओळी लिही. महिना मिळाला, तर सगळा निबंध नव्याने लिही. नकार मिळाला, तर आहे तसा छापू दे आणि पुढच्या अंकासाठी दुसरा तयार ठेव. स्पर्धेच्या परीक्षकांना नवा निबंध कदाचित कमी आवडेल, हे आधीच सांगून ठेवते. मला मात्र तो वाचायला हवा आहे, नक्की पाठव.

आईचं म्हणणं तोडून टाकू नकोस. दहावीची काळजी तिला वाटणारच. तिच्याशी वेळेचं बोल: आठवड्यातून एकदा अर्धा तास, तोही शाळेच्या आवारातच. एका रविवारी तिलाही सोबत ने आणि कापलेलं फळ भिंगातून तिला बघू दे. परीक्षेच्या आधीचे दोन महिने वही बंद ठेवायची असं तिचं म्हणणं पडलं, तर तेवढं मान्य कर.

तुझी,
ताई