ताळेबंदातला शब्द आणि पॉलिसीतला शब्द

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. नुकसानीची पाहणी करून भरपाईचा आकडा मांडणाऱ्या विमा सर्वेक्षकाच्या हाताखाली उमेदवारी सुरू होऊन महिना झाला नाही तोच तू विमा, हिशेब आणि व्यापार यांतील नेहमीच्या शब्दांच्या व्याख्यांची यादी मागितलीस, याचे समाधान वाटले. पण तशी यादी मी पाठवत नाही. यादी पाठ होते आणि प्रत्येक शब्दाला एकच अर्थ असतो असा समज घट्ट बसतो. आपल्या कामात एकाच शब्दाचा अर्थ हिशेबनिसाच्या टेबलावर एक असतो, पॉलिसीत दुसरा असतो आणि पोलीस ठाण्यात तिसरा असतो. मी पाहिलेले बहुतेक वाद या अर्थांची गल्लत झाल्यामुळे उभे राहिले होते.

घसारा, म्हणजे वापराने आणि वयाने वस्तूच्या किमतीत धरली जाणारी घट, हा शब्द घे. इचलकरंजीतल्या एखाद्या कारखानदाराने पाच वर्षांपूर्वी दहा लाखांचा माग घेतला असे समज. आयकराच्या नियमांप्रमाणे सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर दरवर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात, त्यामुळे पाच वर्षांनी तोच माग ताळेबंदात सुमारे ४ लाख ४४ हजारांचा दिसतो. कारखानदार तो आकडा उचलतो आणि तेवढ्याच रकमेचा विमा उतरवतो. पण त्याची पॉलिसी पुनर्स्थापना मूल्यावर आधारलेली असेल, तर विचारात घेतली जाते ती तशाच नव्या मागाची आजची किंमत. ती १४ लाख असेल, तर विमा जेमतेम ३२ टक्के मालमत्तेचा झाला. आगीत तीन लाखांचे नुकसान झाले की ॲव्हरेज क्लॉज, म्हणजे विमा जितका कमी तितकी भरपाई कमी हे कलम, लागू होतो आणि भरपाई त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ९५ हजार रुपये ठरते. पॉलिसी बाजारमूल्यावर असती, तर आजच्या नव्या किमतीतून घसारा वजा झाला असता खरा. पण तो घसारा यंत्राचे वय, वापर आणि निगा पाहून सर्वेक्षकाने ठरवलेला असतो. करासाठी धरलेल्या १५ टक्क्यांशी त्याचा संबंध नसतो.

उमेदीच्या काळात असाच एक दावा माझ्याकडे आला होता. मालकांनी ऑडिट झालेला ताळेबंद माझ्यापुढे ठेवला आणि विम्याचा प्रत्येक आकडा त्याच्याशी रुपयापर्यंत जुळत असल्याचे दाखवले. हिशेब जितका चोख, तितका विमा पक्का, असे ते मनापासून मानत होते. त्यांच्या कोणत्याही कागदात खोट नव्हती, तरीही मला मोठी कपात मांडावी लागली. पॉलिसी देताना कोणी पाच मिनिटे बसून त्यांना हा फरक सांगितला असता तर, हा विचार अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि भारत लघु उद्यम सुरक्षा या पॉलिसींत विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ही कपात करत नाहीत. सवलत चांगली आहे, पण वर सांगितलेल्या मागाला ती पुरणार नाही.

ढोबळ नफ्याची गोष्टही अशीच आहे. व्यापारी खात्यात विक्रीतून मालाची किंमत आणि थेट उत्पादनखर्च वजा केला की ढोबळ नफा निघतो. आगीनंतर उत्पादन थांबल्याने बुडालेला नफा भरून देणाऱ्या पॉलिसीत मात्र निव्वळ नफ्यात विमा उतरवलेले स्थायी खर्च मिळवून येणाऱ्या रकमेला ढोबळ नफा म्हणतात. कारखान्याचे भाडे, कायम कामगारांचे पगार आणि कर्जावरचे व्याज हे काम बंद असतानाही चालू राहणारे खर्च त्यात येऊ शकतात. मजुरी थेट खर्चात टाकणाऱ्या हिशेबनिसाचा आकडा तसाच इथे आणला, तर ज्या मजुरीसाठी कारखानदार रात्रभर जागणार आहे, तीच विम्याबाहेर राहते.

चोरी आणि घरफोडी यांतला फरक तर बहुतेकांना निरर्थक वाटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू हलवली की चोरी होते. त्यासाठी कुलूप तुटायला हवे असे नाही. घरफोडीच्या पॉलिसीत मात्र बहुधा बळाचा वापर करून आत शिरणे किंवा बाहेर पडणे ही अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली गोदामातून माल गेल्याच्या एका प्रकरणात, पॉलिसीत व्याख्या दिलेली असताना फौजदारी कायद्यातील अर्थ लावता येत नाही, असा निर्णय दिला. म्हणून जागेवर गेल्यावर गुन्ह्याच्या नोंदीवर विसंबू नकोस. कडी, कोयंडा आणि खिडकीचे गज स्वतः पाहा आणि त्यांची छायाचित्रे घे.

नॉमिनीबद्दल तू विचारले आहेस. नॉमिनी म्हणजे वारस, हा समज धरून चालू नकोस. शेअरच्या बाबतीत नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. जीवन विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांच्यासाठी वेगळी तरतूद केली आहे. ती विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये स्वतः वाच, कारण तिच्यावर पुढे पुष्कळ लिहायचे आहे.

सध्या तू ज्या दाव्यावर काम करते आहेस, त्याच्या पॉलिसीत मूल्याचा आधार कोणता धरला आहे आणि तो कोणत्या पानावर लिहिला आहे, एवढे पुढच्या पत्रात कळव. पक्षकाराचे किंवा कंपनीचे नाव लिहू नकोस. तेवढे गुप्त राखणे आपल्यावर बंधनकारक आहे. मालकांनी विम्याची रक्कम कोणत्या कागदावरून ठरवली, हेही त्यांना सौम्यपणे विचारून ठेव. मग घसाऱ्याचे गणित आपण दोघे मिळून मांडू.

तुझा,
काका