क्ष² + य² = २५ आणि य = क्ष + १ : माझ्या चार जोड्या येतात, पुस्तकात दोनच. का?

क्षची किंमत तुम्ही वर्गाच्या समीकरणात घातलीत, घोळ तिथेच झाला.

सुरुवात अशी: यच्या जागी (क्ष + १) ठेवा. क्ष² + (क्ष + १)² = २५. कंस सोडवून २ ने भागलं की क्ष² + क्ष − १२ = ०, म्हणजे क्ष = ३ किंवा −४. आता परत जायचं ते रेषेकडेच, य = क्ष + १ कडे. जोड्या (३, ४) आणि (−४, −३).

वर्तुळात, म्हणजे क्ष² + य² = २५ मध्ये, ३ घातलात तर य² = १६, मग −४ सुद्धा आगंतुकासारखा येतो. (३, −४) वर्तुळावर आहे, पण रेषेवर नाही. ३ + १ काही −४ होत नाही.

सदाशिव पेठेत माझ्याकडे शिकवणीला येणारी पोरंही इथेच घसरतात. नाहीतर (क्ष + १)² मधलं २क्ष गिळतात!