दाराखालून आलेला कागद जपून ठेवा

डोंबिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं चार पानी पत्र समोर आहे. मुंबईच्या ट्रॅव्हल एजंटकडून बुकिंग करून ते आणि त्यांच्या पत्नी फ्लोरिडाहून निघणाऱ्या सात दिवसांच्या क्रूझवर गेले. तिसऱ्या दिवशी इंजिनरूममध्ये बिघाड झाला, मुख्य वीज गेली, अडीच दिवस जहाज नुसतं तरंगत राहिलं आणि शेवटी टगबोटींनी ओढून किनाऱ्याला आणलं. आत अंधार, तुंबलेले संडास, जेवणासाठी दोन-दोन तासांची रांग. बाहेर कंपनी वेबसाइटवर आणि टीव्हीवर सांगत होती की ‘सर्व प्रवासी सुखरूप आणि आरामात आहेत’. हे धडधडीत खोटं बोलल्याबद्दल कंपनीवर दावा लावता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. विमान रखडलेले, टूर अर्ध्यात संपलेले वाचकही मला हेच विचारत असतात, म्हणून नाव न देता इथेच उत्तर देतो.

साहेब, तुमचा राग खरा आहे. पण पत्राच्या तिसऱ्या पानावर अर्ध्या ओळीत तुम्ही लिहून गेला आहात, ‘त्यातच जिना उतरताना हिचं मनगट मोडलं.’ आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा संडासांवर आलात. तुमची काही केस असेल तर ती या अर्ध्या ओळीत आहे. आणि तिला आता जेमतेम साडेतीन आठवडे उरले आहेत.

तुम्ही जोडलेला तिकिटाचा करार मी वाचला. तुम्ही तो वाचलेला नाही, हे पत्रावरून कळतं. बँकेत तीस वर्षं तुम्ही कर्जदारांना ‘सही करण्याआधी वाचून घ्या’ असंच सांगितलं असणार. मग स्वतःच्या वेळी ‘मान्य’वर बोट ठेवून मोकळे कसे झालात? त्यात लिहिलंय की शारीरिक इजेचा दावा असेल तर इजा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत कंपनीला सविस्तर लेखी कळवायचं आणि १ वर्षाच्या आत कोर्टात जायचं, तेही फ्लोरिडातल्या मायामीच्या. इजा सोडून बाकी काहीही असो, जेवण, संडास, बुडालेले दिवस, मनस्ताप, ते प्रवास संपल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवायचं. ते ३० दिवस केव्हाच गेले.

इजेचे ६ महिने मात्र कंपनीच्या मर्जीवर नाहीत. अमेरिकेच्या बंदरातून परदेशी बंदराकडे प्रवासी नेणाऱ्या जहाजांसाठी तिथल्या केंद्रीय कायद्यानेच ठरवलंय की इजा किंवा मृत्यूच्या दाव्याला कळवण्यासाठी ६ महिन्यांपेक्षा आणि दाव्यासाठी १ वर्षापेक्षा कमी मुदत करारात घालता येणार नाही. हे संरक्षण फक्त इजा आणि मृत्यूपुरतं आहे. तुंबलेल्या संडासाला ते नाही.

मग हे ५ महिने गेले कशात? तुमच्याकडे कंपनीचे तीन ईमेल आहेत. पहिला अध्यक्षांच्या सहीचा दिलगिरीचा. दुसरा, ‘तुमची तक्रार नोंदवली आहे, आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल.’ तिसरा व्हाउचरचा. तुम्ही त्या प्रतिनिधीची वाट पाहत बसलात. ईमेलला उत्तर आलं म्हणून मुदत थांबत नाही, आणि मुदत संपत आली आहे हे सांगायला कंपनी तुम्हाला फोन करणार नाही. शिवाय वेबसाइटवर तुम्ही भरलेल्या तक्रारीत जेवण आहे, संडास आहे, एसी आहे, मनगट नाही. म्हणजे त्या तक्रारीला इजेची नोटीसही म्हणता येत नाही. जहाजावरच्याच डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, त्यामुळे जहाजाला इजेची माहिती होती, आणि अशा वेळी नोटिशीत राहून गेलेली उणीव तिथलं कोर्ट माफ करू शकतं, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. पण हातात तीन आठवडे असताना माफीच्या भरवशावर राहायचं कारण नाही. १ वर्षाच्या मुदतीला तर अशी सवलतही नाही.

मायामीला हरकत घेऊ नका, तो प्रयत्न आधीच होऊन गेला आहे. वॉशिंग्टन राज्यातलं एक जोडपं लॉस एंजेलिसहून क्रूझला गेलं, पत्नी डेकवरच्या चटईवरून घसरून पडली, त्यांनी घराजवळच्या कोर्टात दावा लावला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९१ साली निकाल लागला की तिकिटावर फ्लोरिडा छापलंय, म्हणजे फ्लोरिडा. अमेरिकेतल्याच माणसाला आपल्या राज्यात दावा चालवता आला नाही, तिथे डोंबिवलीचं अंतर सांगून काय होणार?

आता तुमचा मूळ प्रश्न, कंपनीच्या बोलण्याचा.

‘प्रवासी आरामात आहेत’ हे वाक्य तुम्हाला उद्देशून नव्हतं. ते वाहिन्यांसाठी होतं, बंदरावर जमलेल्या नातेवाइकांसाठी होतं, पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलेल्यांसाठी होतं. तुम्ही स्वतः आत होतात. ते ऐकून तुम्ही काही केलं नाही आणि तुमचं त्यामुळे काही बिघडलं नाही. खोटेपणाच्या दाव्यात कोर्ट हेच विचारतं, की ऐकलं कुणी, विश्वास ठेवून वागलं कोण आणि नुकसान कुणाचं झालं.

पण तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये एक फोटो आहे, ज्याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. रोज सकाळी केबिनच्या दाराखालून सरकवायचा तो एक पानी कागद. वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचा. त्यात कॅप्टनच्या नावाने छापलंय, ‘सर्व जिन्यांवर आपत्कालीन दिवे सुरू आहेत. लिफ्ट बंद असल्याने कृपया जिन्यांचा वापर करावा.’ त्याच संध्याकाळी वहिनी नवव्या डेकवरून आठव्यावर जेवणाच्या रांगेसाठी उतरत होत्या, आणि त्या जिन्यावर दिवा नव्हता. हे बोलणं तुमच्याशी केलेलं आहे. त्यावर विश्वास ठेवून माणूस जिन्याने गेलं आणि पडलं. बाकी सगळ्या स्टेटमेंटांच्या कात्रणांपेक्षा हा घडी पडलेला कागद मोलाचा आहे. तो मूळ स्वरूपात सापडत नसेल तर आज रात्रीच बॅगा उघडा.

कात्रणंही फेकू नका, पण त्यांचा उपयोग वेगळा आहे. मायामीच्या कोर्टांत पडल्या-घसरल्याच्या दाव्यात प्रवाशाला सहसा दाखवावं लागतं की धोक्याची जहाजाला कल्पना होती, किंवा असायला हवी होती. तुम्ही जमवलेल्या एका स्टेटमेंटमध्ये, त्याच दिवशी दुपारी, कंपनी म्हणते की ‘आपत्कालीन वीज जहाजाच्या काही भागांपुरती मर्यादित आहे’. सकाळी प्रवाशांना ‘सर्व जिने’, दुपारी पत्रकारांना ‘काही भाग’. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की कंपनीला काय माहीत होतं ते दिसायला लागतं. कोर्ट त्याला किती वजन देईल, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तिथला वकील सांगेल.

२०१३ चं कार्निव्हल ट्रायम्फ जहाज तुम्हाला आठवत असेल. १० फेब्रुवारीला मेक्सिकोच्या आखातात इंजिनरूमला आग लागली आणि ४,२००हून अधिक माणसं घेऊन ते अडकलं. आधी मेक्सिकोच्या प्रोग्रेसोला नेणार म्हणून सांगितलं, मग प्रवाहाने जहाज उत्तरेकडे वाहत गेलं आणि ते अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबाइल नावाच्या बंदराला न्यायचं ठरलं. पोहोचायला १४ तारखेची रात्र उजाडली. सामान द्यायला दुसरी जहाजं जवळ आली तेव्हा प्रवाशांना फोनची रेंज मिळाली, आणि आतली खरी परिस्थिती तेव्हा घरी कळली. कंपनीचे प्रमुख बंदरावर आले, माफी मागितली, पूर्ण परतावा, पुढच्या क्रूझसाठी सवलत आणि वर ५०० डॉलर जाहीर केले. पण प्रवासी कोर्टात गेले तेव्हा त्याच कंपनीच्या वकिलांनी मांडलं की तिकिटाच्या करारात सुरक्षित प्रवासाची, समुद्रात जाण्याजोग्या जहाजाची, चांगल्या अन्नाची, स्वच्छ राहणीची कसलीही हमी दिलेली नाही. कॅमेऱ्यासमोर माफी आणि कोर्टात करार, दोन्ही एकाच कंपनीचं. म्हणून तुमच्याकडचा दिलगिरीचा ईमेल कबुलीजबाब समजू नका.

त्या प्रकरणानंतर, मे २०१३ मध्ये, क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. यांत्रिक बिघाड झाला तर दुरुस्तीचं काय चाललंय हे वेळोवेळी कळण्याचा हक्क, मुख्य जनरेटर बंद पडल्यास आपत्कालीन विजेचा हक्क, बिघाडामुळे प्रवास अर्ध्यात संपला तर काही परताव्याचा हक्क, असं सगळं त्यात आहे. हा संसदेचा कायदा नव्हे; संघटनेने स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे. नोटिशीत त्याचा उल्लेख जरूर करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

जहाजावरच्या घोषणेला मी एवढं महत्त्व का देतो? कोस्टा कॉन्कॉर्डिया, १३ जानेवारी २०१२. इटलीतल्या जिलिओ बेटाजवळ खडकाने जहाजाचं पोट फाडलं होतं आणि आत प्रवाशांना सांगितलं जात होतं की विजेचा बिघाड आहे. जहाज सोडण्याचा आदेश तासाभराहून अधिक उशिरा आला. ३२ माणसं गेली. त्यांत मुंबईकडचा, जहाजावर वेटर असलेला एक तरुण होता. त्याचा देह मिळायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडला. आत, प्रवाशाच्या कानावर पडलेलं एक खोटं वाक्य काय करतं, ते यातून दिसलं.

आता एक गोष्ट, जी वाचून मी डोक्याला हात लावला. तुमच्या जावयांच्या ओळखीने एका मराठी वाहिनीने तुम्हाला जहाजावर फोन केला आणि तुम्ही म्हणालात, ‘आम्ही दोघंही अगदी सुखरूप आहोत, काळजी नसावी.’ वहिनींचा हात त्या वेळी प्लास्टरमध्ये होता. लेक घाबरू नये म्हणून बोललात, हे मला समजतं. बापाच्या तोंडून तेच येणार. पण ती क्लिप अजून यूट्यूबवर आहे आणि समोरच्या वकिलाला ती सापडेलच. ती लपवू नका, काढून टाकायलाही सांगू नका. तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा आणि त्याच दिवशीचे लेकीला पाठवलेले व्हॉट्सॲप निरोप जोडा, ज्यात तुम्ही लिहिलंय की ‘आईच्या हाताला लागलंय, टीव्हीवर बोललो नाही’. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इथून पुढे वाहिनी असो की फेसबुक, या विषयावर काही बोलू नका.

व्हाउचरचं मला खात्रीने सांगता येत नाही. तुम्ही ‘स्वीकारा’ दाबलंत, पण त्या पानावर काय लिहिलं होतं ते जपून ठेवलं नाहीत. ‘सर्व दावे मिटले’ अशा अर्थाचं काही असेल तर अडचण आहे. नुसती सदिच्छा म्हणून दिलं असेल तर फारशी नाही. पुष्टीचा ईमेल शोधा. व्हाउचर तूर्त वापरू नका.

भारतातला रस्ता बंद नाही. एजंटला तुम्ही इथे रुपयांत ४ लाख ६० हजार भरलेत; ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे ठाण्याला, २ वर्षांत तक्रार करता येते आणि या रकमेला फीही नाही. एजंट म्हणेल मी नुसता मध्यस्थ. करार त्याने बुकिंगच्या वेळी दिला होता का, यावर बरंच अवलंबून राहील. अमेरिकी कंपनी इथल्या आदेशाला कितपत जुमानेल, याची मला शंका आहे. आणि वेळेचं म्हणाल तर कायद्यात ३ महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, तर वकील म्हणून मी एका आयोगापुढे चालवत असलेली टूरची तक्रार चौथ्या वर्षात आहे, अजून पुराव्याच्या शपथपत्रांवर अडकलेली. अशिलाला पुढची तारीख सांगताना मला लाज वाटते. म्हणून ही तक्रार करा, पण नंतर. १९ महिने आहेत तिला. मायामीच्या नोटिशीला २४ दिवस आहेत.

मी तिथला वकील नाही. फ्लोरिडात सागरी अपघातांचे दावे चालवणारे आणि फी दाव्यात मिळालेल्या रकमेतून घेणारे वकील आहेत, त्यांच्यापैकी कुणाशी तरी याच आठवड्यात बोला. पण नोटिशीसाठी त्यांची वाट पाहू नका. ती साधी असते: नाव, बुकिंग क्रमांक, जहाज, केबिन, इजेची तारीख आणि वेळ, कोणत्या डेकमधला कोणता जिना, काय झालं, जहाजावर काय उपचार झाले, इथे आल्यावर काय झाले, डोंबिवलीच्या हॉस्पिटलची बिलं आणि एक्स-रे. करारात दिलेल्या पत्त्यावर परदेशी कुरिअरने पाठवा, पोहोच जपा, त्याच दिवशी ईमेलही करा. जहाजावरच्या दवाखान्याच्या नोंदींची प्रतही त्याच पत्रात मागा.

आणि नोटीस वहिनींच्या नावाने, त्यांच्या सहीने जाऊ द्या. पडल्या त्या, दावा त्यांचा आहे. चार पानांत तुम्हाला काय वाटलं ते सगळं आहे; त्यांना काय आठवतं ते कुठेच नाही. कितवी पायरी होती, कठडा कुठल्या हाताला होता, पुढे-मागे कोण होतं, खालच्या वळणावर दिवा दिसत होता का, सकाळचा तो कागद त्यांनी स्वतः वाचला होता की तुम्ही वाचून दाखवलात. आज जेवणं झाली की त्यांच्यासमोर बसा आणि त्या सांगतील तसं उतरवून घ्या. मध्ये बोलू नका.