४८ इंचांची फायरप्लेस आणि हजार डॉलरचा हप्ता

न्यू हॅम्पशायरमधल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घर २८०० चौरस फुटांचे. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जेवणाची जागा सगळे एकात एक मोकळे, आणि दिवाणखान्याचे छत थेट २० फुटांवर. नोव्हेंबरात सासू-सासरे सांगलीहून येणार आहेत, त्यांना थंडी सोसत नाही. म्हणून दगडी, उघडी, लाकडाची फायरप्लेस बांधायची आहे. कंत्राटदार म्हणतो, एवढ्या मोठ्या जागेला तोंड ४८ इंचांचेच हवे, खर्च २६ हजार डॉलर. प्रश्न एवढाच: ४८ इंच पुरेल की आणखी मोठी घ्यावी? जाता जाता त्या लिहितात की पैशांची सोय झाली आहे, "आमच्या आययूएल पॉलिसीतून १७ हजार करमुक्त मिळतात, बाकीचे होम इक्विटीवर." (आययूएल म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी व्याज जोडलेला आयुर्विमा, होम इक्विटीवर म्हणजे घरावर कर्ज काढून.)

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, पण पत्रातल्या त्या शेवटच्या ओळीने मला जास्त काळजी लावली आहे.

उघडी फायरप्लेस कोणत्याच मापाची घेऊ नका. लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीत येते, बाकीची धुराड्यातून जाते, आणि जाताना खोलीतली गरम हवा सोबत घेऊन जाते. जितकी हवा वर जाते तितकीच बाहेरची गार हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येते. तोंड मोठे तर धुराडेही मोठे लागते, साधारण तोंडाच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश. म्हणजे ४८ इंचांची फायरप्लेस ही ३६ इंचांच्या फायरप्लेसपेक्षा जास्त हवा बाहेर फेकणारी वस्तू आहे. समोर बसले की अंग भाजते आणि मागच्या खोल्या आणखी गार पडतात.

तुम्हाला हवा आहे तो बंद दाराचा वूड स्टोव्ह. त्याचे माप चौरस फुटांवरून काढू नका. पत्रकावर "३००० चौरस फुटांपर्यंत, ७५ हजार बीटीयू" असे छापलेले असते (बीटीयू हे उष्णतेचे माप, इथे तासाला), तो भडका काही मिनिटांचा. माप तुमच्या तेलाच्या बिलावरून निघते, आणि बिल तुम्ही पाठवले आहे हे फार चांगले केलेत.

वर्षाला १०५० गॅलन हीटिंग ऑइल. आंघोळीच्या पाण्याचे १५० वजा करू, उरले ९००. एका गॅलनमध्ये १ लाख ३८ हजार बीटीयू, बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर घराला वर्षभरात साडेदहा कोटी बीटीयू लागले. तुमच्याकडच्या वर्षभराच्या थंडीने (किती अंश, किती तास) याला भागले तर कळते की बाहेर एक अंश फॅरनहाइट उतरला की घर तासाला सुमारे ६०० बीटीयू जास्त मागते. जानेवारीच्या सरासरी दिवशी, बाहेर २२ अंश असताना, मागणी २६ हजार. उणे ५ च्या रात्री ४२ हजार.

आता स्टोव्ह. आतला कप्पा ३ घनफुटांचा असेल तर त्यात साधारण ४० पाउंड सुके लाकूड बसते. एका पाउंडातून खोलीत ५ हजार बीटीयू येतात. झाले २ लाख. ते आठ तास जळाले तर तासाला २५ हजार. म्हणजे ३ घनफुटांचा स्टोव्ह तुमचा जानेवारी सांभाळतो, आणि सर्वात कडक रात्री बॉयलर मदतीला आहेच. २ घनफुटांचा घेतलात तर तासाला १६ हजारच मिळतील. त्याहून मोठा, चार-साडेचार घनफुटांचा घेतला तर ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये हवेची खिडकी बंद करून तो धुमसत ठेवावा लागतो. ओले सरपण घातलेली चूल जशी नुसती धुपते तसेच. त्या धुरातले क्रिओसोट धुराड्यात डांबरासारखे चिकटते आणि एक दिवस पेट घेते. तुम्हाला कमी आचेवरही स्वच्छ जळणारा स्टोव्ह हवा, म्हणून कॅटॅलिटिक (धूर आतच जाळून टाकणारा) प्रकार बघा.

खर्च सुमारे १० हजार डॉलर: साडेचार स्टोव्हला, साडेतीन दुहेरी भिंतीच्या पोलादी धुराड्याला, दोन खालची अग्निरोधक बैठक आणि मजुरीला. धुराडे छतातून बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर हवे, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. गावाच्या कार्यालयाचा परवाना आणि घराच्या विमा कंपनीला आधी कळवणे, दोन्ही टाळू नका. कंत्राटदार ३० टक्के फेडरल कर-सवलत मिळेल म्हणाला असेल तर ते वरातीमागून घोडे आहे. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या स्टोव्हला ती सवलत नाही.

आणि बचतीची आशा सोडा. लाकडाने ६० टक्के तेल वाचवले तर ५४० गॅलन, तुमच्या ३.६० च्या भावाने १९४० डॉलर. तेवढ्या उष्णतेला ओकचे ४ कॉर्ड लागतात (एक कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फुटांची रास), ४०० च्या भावाने १६००. उरले ३४०, त्यातले अडीचशे धुराडे साफ करणाऱ्याचे. वर्षाला ९० डॉलरसाठी कोणी १० हजार घालत नाही. स्टोव्ह घ्यायचा तो उबेसाठी आणि वीज गेल्यावर आधार म्हणून. २००८ च्या डिसेंबरातल्या बर्फवादळात तुमच्या राज्यात कित्येक घरे आठवडाभराहून जास्त अंधारात होती, त्यामुळे हे कारण मला पूर्ण पटते.

आता पॉलिसी. मंडळातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी चार वर्षांपूर्वी "आपणच आपली बँक व्हा" म्हणत ती दिली. महिना हजार डॉलर, आतापर्यंत ४८ हजार भरले. तुम्ही जोडलेल्या विवरणात खात्यातले मूल्य ३७ हजार आणि सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर शुल्क कापून हातात येणारी रक्कम, १९ हजार आहे. तुम्ही पहिला आकडा पाहिलात, तुमचा खरा आकडा दुसरा आहे. शेअर बाजार पडला तरी शून्याच्या खाली जात नाही असे सांगितले असेल. शून्याच्या खाली जात नाही ते फक्त व्याज. दरमहा ३१० डॉलरचे शुल्क त्या महिन्यातही कापले जाते. आणि बाजार चढला तर कमाल मर्यादा लागते, डिव्हिडंड मिळतच नाही.

पॉलिसीवरचे कर्ज करमुक्त आहे, कारण ते कर्ज आहे. त्यावर व्याज चढते. १९ पैकी १७ हजार उचललेत तर गंगाजळी उरते २ हजार. हप्ते चुकत गेले की पॉलिसी बंद पडू शकते, आणि विमाही जाईल.

"मग सरेंडर शुल्क संपेपर्यंत थांबू" हाही हिशेब करून पाहिला. १८ हजारांचे शुल्क अकरा वर्षांत उतरणार, म्हणजे वर्षाला १६४०. खात्यावर ५ टक्के मिळाले असे धरू, १८५०. दोन्ही मिळून ३४९०. वर्षाचे शुल्क जाणार ३७२०. नवे पैसे न घालता थांबलात तर वर्षाअखेरीस हातात येणारी रक्कम वाढत नाही, थोडी घटतेच. थांबून काही परत मिळत नाही.

सर्वात जास्त दुखणारी गोष्ट मात्र पॉलिसीतही नाही. तुमच्या यजमानांचा पगार दीड लाख, कंपनी ४०१-के या निवृत्ती खात्यात पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते, आणि ते भरतात ३ टक्के, कारण "हप्त्यामुळे ओढाताण होते". दरवर्षी कंपनीचे ४५०० डॉलर तुम्ही नाकारत आहात. चार वर्षांत १८ हजार. पॉलिसीतून जेवढे उसने घ्यायला निघालात त्याहून जास्त.

आधी यजमानांचा दहा लाख डॉलरचा, वीस वर्षांचा टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, ठरावीक मुदतीचा विमा) घ्या. वय ४१, धूम्रपान नाही, तर महिना ८५ च्या आसपास. ती पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका. मधल्या काळात आजार निघाला तर दोन्हीकडून उघडे पडाल. मग जुनी सरेंडर करा. भरले ४८, मिळाले १९, म्हणून कर नाही, पण झालेला तोटा करात दाखवताही येत नाही. हे १९ हजार पुढच्या पाच-सात वर्षांत लागणार नसते तर मी कलम १०३५ खाली (कर न लागता एका पॉलिसीतून दुसरीत अदलाबदल) कमी खर्चाच्या व्हेरिएबल अॅन्युइटीत, म्हणजे बाजारात गुंतवणाऱ्या निवृत्ती-करारात, हलवायला सांगितले असते. तिथे ४८ हजारांची मूळ रक्कम सोबत जाते आणि पहिली २९ हजारांची वाढ करमुक्त राहते. पण तुमची बचत फक्त ६ हजार आहे, तेव्हा हे पैसे आणीबाणीसाठी बचत खात्यात राहू द्या. तेच गृहस्थ १०३५ करून "याहून चांगली" आययूएल सुचवतील. त्यात सरेंडर शुल्काची घड्याळे पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतात. स्पष्ट नाही म्हणा, मंडळात तोंड दाखवावे लागते म्हणून सही करू नका.

वर्षाचे सुटलेले १२ हजार असे: टर्मला हजार, ४०१-के ३ वरून ६ टक्क्यांवर नेल्यावर हातातून कमी होणारे साधारण साडेतीन हजार (करामुळे पूर्ण ४५०० जात नाहीत), उरले साडेसात. सोळा महिन्यांत स्टोव्हचे पैसे जमतात, कर्जाशिवाय.

आणि तसेही या हिवाळ्यात तुम्हाला सुके लाकूड मिळणार नाही. सप्टेंबरात "सीझन्ड" म्हणून विकले जाते त्यात बऱ्याचदा ३० टक्के ओलावा असतो, हवा २० च्या आत. आता जुलैत मेपल किंवा अॅशचे ४ कॉर्ड ओले, फोडलेले घ्या, स्वस्त पडतात. जमिनीपासून वर, लाकडी पॅलेटवर, वारा खेळेल अशी एकेरी रास रचा, फक्त माथा झाका. पुढच्या शरदात एक ओंडका फोडून ताज्या फोडीवर मॉइश्चर मीटर टोचून पाहा. ओक मात्र दोन वर्षे मागतो.

सासू-सासऱ्यांच्या खोलीचे दार रात्री बंद असेल, तिथे स्टोव्हची ऊब तशीही पोचली नसती. त्या खोलीत १५०० वॉटचा, तेल भरलेला विजेचा रेडिएटर ठेवा. किंमत ८०-९० डॉलर, तासाला ५ हजार बीटीयू, एका शयनगृहाला भरपूर. एक्स्टेंशन कॉर्डवर लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा.